प्रत्ययातून इंग्रजीचा प्रत्यय

हिंगोली, प्रतिनिधी :

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या औंढा नागनाथाच्या परिसरात गेल्या काही वर्षांपासून एका लांबलचक इंग्रजी नावाची चर्चा आहे. ते नाव म्हणजे ‘लेसर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी’. वृत्तपत्रांतून ते कधी ‘लायगो’, तर कधी ‘लिगो’ असे संक्षेपाने छापले जाते. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील अशा दोन केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ही वार्ता जगाला कळली. त्याच महिन्यात भारतातील केंद्राला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आणि औंढा तालुक्यातील दुधाळा येथील जागेचे नाव देशभर पोहोचले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा हे या वेधशाळेचे मुख्य रूप.

या प्रकल्पाच्या विज्ञानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या नावाचा. हे नाव ऐकून दबून जाणारे अनेक आहेत आणि त्यात मराठी माध्यमातून शिकलेले हुशार विद्यार्थीही आहेत. वस्तुतः या नावातील एकेक शब्द शेवटाकडून उलगडत गेले, तर इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविण्याची एक जुनी आणि भरवशाची रीत हाती लागते. शब्दाच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या अक्षरांना आपल्या व्याकरणात प्रत्यय म्हणतात. ‘प्रत्यय’ या शब्दाचा दुसरा अर्थ अनुभव किंवा खात्री असाही आहे. इंग्रजी प्रत्ययांशी ओळख झाली की अनोळखी शब्दही ओळखीचा वाटू लागतो, हा अनुभव कोणालाही घेता येण्यासारखा आहे.

एका नावाचे चार धडे

प्रथम ‘ऑब्झर्व्हेटरी’ हा शेवटचा शब्द घेऊ. ‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे निरीक्षण करणे. त्याला जोडलेला शेवट ‘ते काम करण्याची जागा’ असे सांगतो. ‘लॅबोरेटरी’ हा शब्द याच घडणीचा. त्याच्या मुळाशी श्रम या अर्थाचा ‘लेबर’ आहे, म्हणजे काम करण्याचे स्थान. वसतिगृहाच्या संदर्भात ऐकू येणाऱ्या ‘डॉर्मिटरी’च्या मुळाशी झोपणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मराठीने यांना प्रतिशब्द देताना नेमके हेच केले. वेधशाळा आणि प्रयोगशाळा या शब्दांतील ‘शाळा’ हे उत्तरपद त्या इंग्रजी शेवटाचेच काम करते.

दुसरा शब्द ‘इंटरफेरोमीटर’. ‘इंटरफिअर’ म्हणजे एरवी लुडबुड किंवा हस्तक्षेप. पदार्थविज्ञानात दोन लहरी एकमेकींत मिसळण्याच्या क्रियेला ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘व्यतिकरण’ हा शब्द योजला आहे. ‘मीटर’ म्हणजे मोजणारे साधन. ‘थर्मामीटर’ हा तापमापी, ‘बॅरोमीटर’ हा वायुदाबमापी आणि दूध संकलन केंद्रावर दुधाचा कस पाहणारा ‘लॅक्टोमीटर’ हा दुग्धमापी. तेव्हा ‘इंटरफेरोमीटर’ झाला व्यतिकरणमापी. शेवटचे ‘मीटर’ ओळखू आले की निदान एवढे तरी कळते की हे काहीतरी मोजण्याचे यंत्र आहे. अनोळखी शब्दाची अर्धी भीती तेथेच संपते.

तिसरा शब्द ‘ग्रॅव्हिटेशनल’. हा शब्द म्हणजे एक जिनाच आहे. ‘ग्रॅव्हिटी’ हे नाम, त्यावरून ‘ग्रॅव्हिटेट’ हे क्रियापद, त्यावरून ‘ग्रॅव्हिटेशन’ हे पुन्हा नाम आणि त्यावरून ‘ग्रॅव्हिटेशनल’ हे विशेषण. तळाशी आहे ‘जड’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘ग्रॅव्हिस’. मराठीतील जोडी पाहण्यासारखी आहे. ‘गुरु’ म्हणजे जड, त्याला ‘त्व’ लागून गुरुत्व, आणि गुरुत्वाला ‘ईय’ लागून गुरुत्वीय. एवढेच नव्हे, तर लॅटिन ‘ग्रॅव्हिस’ आणि संस्कृत ‘गुरु’ हे शब्द एकाच प्राचीन भाषाकुळातील भावंडे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते.

राहिला ‘लेसर’. वरकरणी साधा वाटणारा हा शब्द पाच शब्दांच्या आद्याक्षरांनी बनला आहे : ‘लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’. लहानसहान जोडशब्दांची आद्याक्षरे त्यात धरलेली नाहीत. यातील ‘ॲम्प्लिफिकेशन’, ‘एमिशन’ आणि ‘रेडिएशन’ या तिन्ही शब्दांचा शेवट ‘शन’ या उच्चाराने होतो आणि तिन्ही क्रियापदांपासून बनलेली नामे आहेत. ॲम्प्लिफाय म्हणजे वाढविणे, एमिट म्हणजे बाहेर टाकणे आणि रेडिएट म्हणजे किरण फेकणे. अशा रीतीने ‘लेसर व्यतिकरणमापी गुरुत्वीय-लहरी वेधशाळा’ हे मराठी नाव मूळ इंग्रजी नावाशी अंगोपांगी जुळते.

मराठीची शिदोरी

इंग्रजी शब्द पाठ करावेत, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत शब्दांच्या याद्या घोकण्याचा प्रघात चालत आला. पाठांतराला विरोध करण्याचे कारण नाही. पण एकेक शब्द सुटा पाठ करणारा विद्यार्थी शंभर शब्दांसाठी शंभर वेळा कष्ट करतो. शब्दांची कुळे ओळखणाऱ्याचे श्रम कितीतरी वाचतात.

विशेष म्हणजे ही विद्या मराठी माणसाला जन्मजात अवगत असते. ‘माणूस’ या एका शब्दावरून माणुसकी, माणूसपण आणि माणुसघाणा हे शब्द आपण सहज समजतो. माणुसकी आणि माणूसपण यांतील अर्थाची छटाही कोणी समजावून द्यावी लागत नाही. शालेय व्याकरणात ‘शब्दसिद्धी’ या प्रकरणात धातुसाधित आणि शब्दसाधित असे जे भेद शिकविले जातात, ते याच क्रियेचे शास्त्र होय. दुर्दैवाने ते प्रकरण गुणांपुरते वाचले जाते आणि इंग्रजीच्या तासाला त्याची आठवणही काढली जात नाही.

हिंगोलीसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्याला तर प्रत्ययांची देवघेव नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत येथील कारभारात उर्दू-फारसीचे प्राबल्य होते. तहसीलदार आणि जमीनदार यांतील ‘दार’, दवाखाना आणि कारखाना यांतील ‘खाना’, पंचनामा आणि करारनामा यांतील ‘नामा’, लोकशाही आणि हुकूमशाही यांतील ‘शाही’ हे सारे फारसी शेवट. ते इतके मुरले, की मराठीने ते आपल्या शब्दांनाही लावले. भांडण मराठी, ‘खोर’ फारसी आणि दोन्ही मिळून भांडखोर. २००६ मधील ‘लगे रहो मुन्नाभाई’ या चित्रपटाने ‘गांधीगिरी’ हा शब्द घरोघरी पोहोचविला, तेव्हा त्यातील ‘गिरी’चा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही, कारण दादागिरी आधीच ठाऊक होती.

इंग्रजीची कथा अगदी अशीच आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतके तेथील दरबारात फ्रेंच भाषेचा वरचष्मा राहिला. विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक शब्द आणले. त्या शब्दांबरोबर त्यांचे शेवटही आले आणि मूळच्या इंग्रजी शब्दांना चिकटले. ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ ही अस्सल इंग्रजी क्रियापदे. पण ‘ईटेबल’ आणि ‘ड्रिंकेबल’ यांतील ‘एबल’ फ्रेंचमधून आलेला. भांडखोर आणि ईटेबल यांची जडणघडण एकच आहे, हे लक्षात आले की परकी भाषा तितकीशी परकी राहत नाही.

शेवटावरून शब्दाची जात

प्रत्यय पहिली गोष्ट सांगतो ती शब्दाची जात. शब्द नाम आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे की क्रियाविशेषण, याचा अंदाज शेवटावरून बांधता येतो. जात कळली की वाक्याचा सांगाडा कळतो आणि उरलेला अर्थ संदर्भाने लागतो.

नामे घडविणारे शेवट सर्वांत अधिक. ‘एज्युकेट’पासून ‘एज्युकेशन’, ‘डेव्हलप’पासून ‘डेव्हलपमेंट’ ही क्रियापदांवरून आलेली नामे. ‘काइंड’पासून ‘काइंडनेस’, ‘पॉसिबल’पासून ‘पॉसिबिलिटी’ ही विशेषणांवरून आलेली. येथे मराठीतील पणा, ता आणि त्व आठवावेत. ‘फ्रेंडशिप’मधील ‘शिप’ नाते दाखविते आणि ‘चाइल्डहूड’मधील ‘हूड’ अवस्था, म्हणजे आपले बालपण. ‘सोशॅलिझम’ आणि ‘कॅपिटॅलिझम’ यांतील ‘इझम’ म्हणजे समाजवाद आणि भांडवलवाद यांतील ‘वाद’. ‘डेमॉक्रसी’ आणि ‘ब्युरॉक्रसी’ यांतील ‘क्रसी’ म्हणजे लोकशाही आणि नोकरशाही यांतील ‘शाही’.

‘शन’ या शेवटाचे स्पेलिंग अनेकांना छळते. त्यालाही काही वळणे आहेत. क्रियापदाच्या शेवटी ‘मिट’ असेल, तर नामात दोन एस येतात : परमिट-परमिशन, ॲडमिट-ॲडमिशन, एमिट-एमिशन. शेवटी डी किंवा डी-ई असेल, तर बहुधा एक एस येतो : डिसाइड-डिसिजन, एक्स्पांड-एक्स्पान्शन. मात्र ‘अटेंड’चे ‘अटेन्शन’ आणि ‘इंटेंड’चे ‘इंटेन्शन’ टी घेऊन येतात. क्रियापदाच्या शेवटी ए-टी-ई असेल, तर टी-आय-ओ-एन हा शेवट जवळजवळ ठरलेला.

काम करणारा आणि काम ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यावर होते तो, हा भेद शहरी वाचकाच्या रोजच्या व्यवहाराचा आहे. ‘एम्प्लॉयर’ म्हणजे नोकरी देणारा, ‘एम्प्लॉयी’ म्हणजे नोकरीवर ठेवला गेलेला. ‘ट्रेनर’ शिकविणारा, ‘ट्रेनी’ शिकणारा. धनादेशावरील ‘पेयी’ म्हणजे ज्याला पैसे मिळायचे तो. पुण्या-मुंबईत भाड्याने घर घेताना जो ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार होतो, त्यातील ‘लायसेन्सर’ हा घरमालक आणि ‘लायसेन्सी’ हा भाडेकरू. एका अक्षराच्या फरकाने जबाबदाऱ्या उलट होतात. आपल्या जुन्या दस्तऐवजांतील ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही जोडी ज्याने पाहिली आहे, त्याला हा भेद नवा नाही.

विशेषणांमध्ये ‘फुल’ आणि ‘लेस’ ही जोडी सर्वपरिचित आहे. केअरफुल म्हणजे काळजी घेणारा, केअरलेस म्हणजे निष्काळजी. ‘एबल’ला मराठीत ‘नीय’ चपखल बसतो : ‘रीडेबल’ म्हणजे वाचनीय. ‘इश’ या शेवटाच्या दोन छटा तर मराठीने वेगवेगळ्या प्रत्ययांत वाटून घेतल्या आहेत. ‘येलोइश’ म्हणजे पिवळसर, तेथे ‘सर’. ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट, तेथे ‘कट’. याउलट ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ. पोरकट आणि बालसुलभ यांत जो निंदेचा आणि कौतुकाचा फरक आहे, तोच त्या इंग्रजी जोडीत आहे.

क्रियापदे घडविणारे शेवट थोडे आहेत. पण फार कामाचे. ‘वाइड’पासून ‘वाइडन’, ‘प्युअर’पासून ‘प्युरिफाय’, ‘मॉडर्न’पासून ‘मॉडर्नाइझ’. यांच्या नामरूपांना मराठीत ‘करण’ लागते आणि ती आपण वृत्तपत्रांत रोज वाचतो : रस्ता रुंदीकरण, जलशुद्धीकरण, आधुनिकीकरण. १९९१ नंतर मराठी वृत्तपत्रांत रुळलेला ‘जागतिकीकरण’ हा शब्द तर पायऱ्यांचा उत्तम नमुना आहे. जगत्, जागतिक, जागतिकीकरण. तिकडे ग्लोब, ग्लोबल, ग्लोबलाइझ, ग्लोबलायझेशन. एवढा मोठा शब्द ज्याला मराठीत जड गेला नाही, त्याला तो इंग्रजीतही जड जाऊ नये.

क्रियाविशेषणासाठी ‘ली’ हा शेवट बहुतेक वेळा पुरतो. ‘केअरफुली’ म्हणजे काळजीपूर्वक, ‘क्वाएटली’ म्हणजे शांतपणे. आपले ‘पूर्वक’ आणि ‘पणे’ हेच काम करतात.

कृषी सेवा केंद्रापासून दवाखान्यापर्यंत

दुसऱ्या प्रकारचे शेवट शब्दाच्या जातीबरोबर नेमका अर्थही सांगतात. ते बहुधा ग्रीक-लॅटिनमधून आलेले असतात आणि शास्त्र, वैद्यक व शेती यांत पदोपदी भेटतात.

हिंगोली जिल्हा सोयाबीन, कापूस आणि हळदीचा. वसमतच्या हळदीचे नाव दूरवर आहे. हळदीच्या गुणांची चर्चा निघाली की ‘करक्युमिन’ हा शब्द येतोच. हळदीचे शास्त्रीय नाव ‘करक्युमा लोंगा’, त्यातील ‘करक्युमा’ला ‘इन’ लागून द्रव्याचे नाव झाले. कॉफीतील ‘कॅफीन’ आणि तंबाखूतील ‘निकोटीन’ ही याच धाटणीची नावे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवरील डबे पाहिले, तर ‘साइड’ हा शेवट पुनःपुन्हा दिसेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मारणे. ‘इन्सेक्टिसाइड’ कीटकनाशक, ‘फंजिसाइड’ बुरशीनाशक, ‘हर्बिसाइड’ तणनाशक. शेवट एकच असल्याने तिन्ही डबे सारखेच वाटू शकतात; म्हणून आधीचा भागही वाचावा लागतो. तणनाशक चुकून उभ्या पिकावर फवारले गेले, तर पीकच हातचे जाते. प्रत्यय सांगतो की हे मारणारे औषध आहे. कोणाला मारणारे, ते त्याच्या आधीचा शब्द सांगतो.

अकरावीच्या जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात तर एका स्वरावर अर्थ फिरतो. ‘ओज’ या शेवटाची ग्लुकोज, सुक्रोज, लॅक्टोज ही शर्करांची नावे. ‘एज’ हा शेवट विकरांचा, म्हणजे पचनासारख्या क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्यांचा. लॅक्टोज ही दुधातील साखर आणि लॅक्टेज हे ती साखर फोडणारे विकर. हा नियम एकदा सांगितला, तर विद्यार्थ्याला पुढे अशी अनेक नावे आपोआप लागतात.

वैद्यकीय कागदपत्रांत या शेवटांचे मोल अधिकच. ‘आयटिस’ म्हणजे दाह : टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस म्हणजे अनुक्रमे टॉन्सिलचा, जठराचा आणि यकृताचा दाह. ‘स्कोपी’ म्हणजे आत डोकावून तपासणे. शस्त्रक्रियांची तीन नावे ऐकण्यात जवळजवळ सारखी आहेत. पण अर्थाने फार दूर. शेवटी ‘ओटॉमी’ असेल, तर छेद घेणे. ‘ऑस्टॉमी’ असेल, तर नवे तोंड तयार करणे. आणि ‘एक्टॉमी’ असेल, तर अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकणे. ‘हिस्टरेक्टॉमी’ म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. मराठवाड्यातीलच बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागची कारणे दारिद्र्य, कामाची पद्धत आणि आरोग्यसेवेची दुरवस्था अशी खोलवरची आहेत. शब्दज्ञानाने ती दूर होणार नाहीत. तथापि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील एका शब्दाचा शेवट कळणे, निदान ‘यात काय काढणार?’ असा प्रश्न विचारता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

फसवे शेवट

येथवर वाचून प्रत्यय म्हणजे जादूची कांडी, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे.

पहिली फसवणूक म्हणजे प्रत्ययासारखे दिसणारे. पण प्रत्यय नसलेले शेवट. ‘टीचर’ म्हणजे शिकविणारा. पण ‘कॉर्नर’ म्हणजे कोणी काम करणारा नव्हे. ‘पेमेंट’मध्ये ‘पे’ आहे. ‘सिमेंट’ आणि ‘मोमेंट’मध्ये तसे काही सुटे करता येत नाही. मराठीतही ‘दुकानदार’मधील ‘दार’ प्रत्यय आहे, तर घराचे ‘दार’ हा स्वतंत्र शब्द. उरलेला भाग अर्थपूर्ण शब्द आहे का, हे पाहणे हीच कसोटी.

दुसरी फसवणूक कानांची. देवनागरीत लिहिताना ‘इन्सेक्टिसाइड’ आणि ‘रिव्हरसाइड’ यांचा शेवट सारखा दिसतो. इंग्रजीत पहिल्यात सी-आय-डी-ई, तर दुसऱ्यात एस-आय-डी-ई अशी अक्षरे आहेत. पहिल्यात मारणे, दुसऱ्यात बाजू. ‘थर्मामीटर’ आणि ‘किलोमीटर’ यांचेही तसेच. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये साधनाच्या शेवटी टी-ई-आर आणि एककाच्या शेवटी टी-आर-ई लिहितात. म्हणून प्रत्यय डोळ्यांनीही शिकावा लागतो.

तिसरी फसवणूक एका शेवटाच्या दोन कामांची. ‘स्लोली’ हे क्रियाविशेषण. पण ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणे. ‘ऑब्झर्व्हेटरी’ हे स्थान. पण त्याच शेवटाचे ‘कंपल्सरी’ आणि ‘सॅटिस्फॅक्टरी’ हे शब्द विशेषणे.

चौथी फसवणूक अर्थाची. ‘लेस’ म्हणजे विना, म्हणून ‘प्राइसलेस’ म्हणजे बिनकिमतीचे, असे समजणारा घसरतो. त्याचा अर्थ अमूल्य. मात्र ‘अमोल’ हे नाव आपण मुलाला ठेवतो, तेव्हा त्यातही ‘ज्याला मोल नाही’ असेच अक्षरशः म्हटलेले असते, हे ध्यानात घेतले की घसरण थांबते.

आणि शेवटची अडचण म्हणजे कोणत्या शब्दाला कोणता शेवट लागावा, हे रूढी ठरविते. मराठीत ‘पणा’ जवळजवळ कोणत्याही विशेषणाला लावता येतो. त्या सवयीने ‘ऑनेस्ट’चे ‘ऑनेस्टनेस’ करण्याचा मोह होतो. शुद्ध रूप ‘ऑनेस्टी’. तेव्हा वाचताना तर्क चालवावा; लिहिताना मात्र शब्दकोश उघडावा.

उच्चाराचे एक सूत्र

मराठीत शब्दातील एखाद्या अवयवावर जोर देण्याने सहसा अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत तो जोर महत्त्वाचा असतो आणि प्रत्यय लागला की तो जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफी’च्या जवळ जातो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर, म्हणजे ‘ग्रा’वर येतो. सूत्र असे, की ‘इक’, ‘इटी’ आणि ‘शन’ हे शेवट लागले की बहुधा त्यांच्या लगेच आधीच्या अवयवावर जोर पडतो. ‘पॉलिटिक्स’सारखे काही शब्द अपवाद आहेत. याउलट ‘नेस’, ‘मेंट’, ‘फुल’, ‘लेस’ आणि ‘ली’ हे शेवट सहसा जोर हलवत नाहीत. मुलाखतीत शब्द ठाऊक असूनही समोरच्याला तो कळत नाही, याचे एक कारण हा हललेला जोर असू शकतो.

वही कशी करावी?

यासाठी शिकवणीची गरज नाही. एक वही घ्यावी आणि पानावर चार उभे रकाने आखावेत : क्रियापद, नाम, विशेषण, क्रियाविशेषण. दररोज दोनच कुळे लिहावीत. उदाहरणार्थ, डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल, सक्सेसफुली. हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून समोर मराठी अर्थ द्यावा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो बळेच भरू नये. शब्दकोशात नसेल तर रिकामाच ठेवावा. एका कुळात सरासरी चार शब्द धरले, तर महिन्याला साठ कुळांतून दोनशे चाळीस शब्द होतात.

शब्द आणावेत कोठून? यादीतून नव्हे, वाचनातून. एकच बातमी आधी मराठी आणि मग इंग्रजी दैनिकात वाचावी. आशय ठाऊक असल्याने अनोळखी शब्दांचा तर्क सोपा जातो. विद्यार्थ्यांनी दहावीच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकातील पारिभाषिक शब्दांसमोर इंग्रजी शब्द लिहून ठेवावेत. मापी, दर्शी, नाशक, शास्त्र हे मराठी शेवट आणि मीटर, स्कोप, साइड, लॉजी हे इंग्रजी शेवट शेजारीशेजारी आले की दोन्ही भाषा एकमेकींना आधार देऊ लागतात.

हा आधार कोणाला सर्वांत अधिक हवा आहे, हे उघड आहे. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीपासून होते. तरीही दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेकडे जातो, तेव्हा बहुतेक ठिकाणी सारे विषय एकदम इंग्रजीतून समोर येतात. प्रकाशसंश्लेषण त्याला समजलेले असते. ‘फोटोसिंथेसिस’ या शब्दाने तो बिचकतो. विषय न कळल्यामुळे मागे पडणारे असतात, तसे शब्द न कळल्यामुळे मागे पडणारेही असतात. आणि गुणपत्रिकेत हा फरक दिसत नाही. आपल्याला विज्ञान जमत नाही, असा चुकीचा निष्कर्ष काढून शाखा सोडणाऱ्या मुलाला खरे तर शब्द उकलण्याची रीतच कोणी दाखविलेली नसते.

दुधाळ्याच्या माळावर जगभरातील शास्त्रज्ञांची ये-जा सुरू होईल, तेव्हा तेथे तंत्रज्ञ, अभियंते आणि संशोधक लागतील. त्यांत औंढा, कळमनुरी, सेनगाव आणि वसमतची मुले किती असतील, हे केवळ इंग्रजीवर अवलंबून नाही; पण इंग्रजीमुळे त्यांच्यासाठी दार बंद होऊ नये, एवढे तर करता येईल. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ज्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्या नामदेवांनी मराठी न सोडता दूरदेशीची भाषा आपली केली. पुढच्या भाषेत जाताना मागची भाषा ओझे ठरत नाही, ती शिदोरी ठरते. प्रत्ययांची वही हे त्या शिदोरीचे एक लहानसे गाठोडे आहे आणि ते आजच बांधायला घेता येईल.